हो की नाही? पडद्यापलीकडच्या मुलाखतीचे इंग्रजी

वाचकाचे पत्र (संक्षिप्त):

‘सप्रेम नमस्कार. मी मोहोळची. दहावीपर्यंत मराठी माध्यम, नंतर मेकॅनिकलचा डिप्लोमा आणि गेली तीन वर्षे चिंचोळी एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून नोकरी. काम मला येते. पण पुण्याकडच्या दोन कंपन्यांच्या ऑनलाइन मुलाखतींत मी नापास झाले आणि दोन्ही वेळा “कम्युनिकेशन सुधारा” एवढेच कळवले गेले. पहिल्या मुलाखतीत एक जर्मन साहेब होते. त्यांनी विचारले, “यू हॅव नॉट फेस्ड अ कस्टमर ऑडिट, राइट?” मी “येस, येस” म्हटले. त्यावर ते “प्लीज टेल मी अबाउट इट” म्हणाले आणि मी गप्प झाले, कारण कस्टमर ऑडिट, म्हणजे ग्राहक कंपनीने कारखान्यात येऊन केलेली तपासणी, मी पाहिलेलीच नव्हती. दुसऱ्या मुलाखतीत आवाज तुटत होता. मी बोलायला लागले की समोरचेही बोलायला लागत, मी थांबले की तेही थांबत. शेवटी मी नुसती मान हलवत राहिले. आता तिसरी मुलाखत तीन आठवड्यांनी, सकाळी ११ वाजता आहे. घरात आम्ही सात माणसे. एवढ्या दिवसांत माझे इंग्रजी सुधारेल का? की सरळ हिंदीत बोलू द्या अशी विनंती करू?’

सप्रेम नमस्कार.

तीन आठवड्यांत तुमचे इंग्रजी फारसे सुधारणार नाही, आणि या मुलाखतीसाठी तशी गरजही नाही. तुमच्या पत्रातले दोन्ही प्रसंग मी दोन-तीनदा वाचले. शब्द अपुरे पडले म्हणून तुम्ही अडलात, असे मला एकाही ठिकाणी दिसले नाही. पहिल्या वेळी आपल्या मराठी ‘हो’ने घात केला आणि दुसऱ्या वेळी इंटरनेटवरून आवाज पोहोचायला लागणाऱ्या उशिराने. ‘कम्युनिकेशन सुधारा’ हा शेरा देणाऱ्यांनी यांतले काहीच तुम्हाला सांगितले नाही, हे मला योग्य वाटत नाही. परंतु मी स्वतः निवृत्तीपूर्वी अनेक वर्षे एका कारखान्याच्या भरती समितीवर बसलो असल्यामुळे हेही जाणतो की बऱ्याचदा त्यांना स्वतःलाच ते कळलेले नसते. उमेदवाराशी बोलताना काहीतरी अडखळले एवढे त्यांच्या लक्षात राहते, आणि अडखळण्याचे कारण न शोधता कागदावर ‘कम्युनिकेशन’ हा शब्द लिहिला जातो.

आधी त्या ‘येस’विषयी. ‘तुम्ही अजून ऑडिट पाहिलेले नाही ना?’ असे मराठीत विचारले आणि खरोखरच पाहिलेले नसेल, तर आपण ‘हो, नाही पाहिलेले’ असे म्हणतो. आपला ‘हो’ प्रश्नकर्त्याच्या अंदाजाला असतो: तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. इंग्रजीतला ‘येस’ वस्तुस्थितीला असतो. प्रश्न होकारार्थी असो वा नकारार्थी, गोष्ट घडलेली असेल तर ‘येस, आय हॅव’ आणि घडलेली नसेल तर ‘नो, आय हॅव नॉट’. जर्मन भाषेतही नकारार्थी प्रश्नाला नुसता ‘नाही’ म्हटले की ‘तुम्ही म्हणता तसेच, मी केलेले नाही’ असा अर्थ होतो. त्यामुळे त्या साहेबांनी तुमच्या ‘येस, येस’चा अर्थ ‘पाहिले आहे’ असा घेतला आणि मोठ्या उत्सुकतेने पुढचा प्रश्न विचारला. तुम्ही मात्र प्रामाणिकपणे ‘नाही’ सांगितले होते. त्यानंतरच्या तुमच्या शांततेचा त्यांनी काय अर्थ लावला असेल, याची कल्पना करवत नाही: या मुलीने आधी थाप मारली आणि मग ती पकडली गेली. समोर भारतीय माणूस असता तर कदाचित त्याने सांभाळून घेतले असते, कारण तोही घरी असाच ‘हो’ म्हणत असतो.

यावर व्याकरणाचा उपाय आहे, पण घाईत व्याकरण आठवत नाही. त्याहून सोपा उपाय असा की नकारार्थी प्रश्नाला ‘येस’ किंवा ‘नो’ या एका शब्दावर कधीही थांबायचे नाही, पूर्ण वाक्य बोलायचे. ‘आय हॅव नॉट फेस्ड अ कस्टमर ऑडिट. आय हॅव फेस्ड टू इंटर्नल ऑडिट्स.’ सुरुवातीचा येस-नो चुकला तरी वाक्य तो दुरुस्त करते. शिवाय जे केलेले नाही त्याच्यामागोमाग जे केलेले आहे ते सांगायला जागा मिळते. एखाद्या मैत्रिणीला रोज असे दहा प्रश्न मुद्दाम उलटे विचारायला सांगा. ‘तुला पोहता येत नाही ना?’, ‘तू आज जेवली नाहीस का?’ असे क्षुल्लक प्रश्न इंग्रजीत चालतील. आठवड्याभरात जिभेला वळण पडते, हे मी पाहिले आहे.

आता दुसऱ्या मुलाखतीतला तो लपंडाव. दोन माणसे समोरासमोर बोलतात तेव्हा एकाचे बोलणे संपणे आणि दुसऱ्याचे सुरू होणे यांत फार थोडे अंतर असते. वेगवेगळ्या दहा भाषांतली बोलणी मोजून २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात हे अंतर सरासरी २०० मिलिसेकंदांच्या, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या भागाच्या आसपास आढळले होते. ही लय आपण लहानपणीच शिकतो आणि तिच्याकडे आपले लक्षही नसते. दूरध्वनीच्या तंत्रज्ञांना मात्र ती माहीत असते, आणि म्हणून आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची ‘जी.११४’ ही शिफारस सांगते की एका बाजूचा आवाज दुसऱ्या बाजूला १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचावा आणि सर्वसाधारणपणे ४०० च्या वर जाऊ नये. गावाकडच्या मोबाइल नेटवर्कवरून व्हिडिओ चालू असेल तर हा उशीर सहज वाढतो. मग तुमचे वाक्य संपल्यावर समोरचा माणूस लगेच बोलला तरी ते तुमच्यापर्यंत उशिरा येते. तेवढ्या रिकाम्या क्षणात तुम्हाला वाटते की आपले उत्तर त्यांना कळले नाही किंवा आवडले नाही, म्हणून तुम्ही पुन्हा बोलू लागता, आणि नेमका तेव्हाच त्यांचा आवाज येऊन धडकतो. इंग्रजी उत्तम बोलणाऱ्याचेही हेच होते. फरक एवढाच की तो ‘नेट खराब आहे’ म्हणून मोकळा होतो, आणि इंग्रजी शिकणारा माणूस ‘माझे इंग्रजी खराब आहे’ अशी समजूत करून घेऊन खचतो.

म्हणून उत्तर संपले की तोंड मिटायचे आणि मनात सावकाश ‘एक, दोन’ म्हणायचे. ती शांतता तुम्हाला असह्य वाटेल, त्यांना ती जाणवणारही नाही. तरीही दोघांचे बोलणे एकमेकांवर आदळलेच तर ‘सॉरी, प्लीज गो अहेड’ म्हणायचे आणि खरोखर थांबायचे. आपल्याकडे दोघेही ‘तुम्ही बोला, तुम्ही बोला’ करत बसतात. ते इथे नको.

मान हलवण्याबद्दल माझाच एक फजितीचा किस्सा सांगतो. २०२० च्या टाळेबंदीनंतर आमच्या मुलाखती पहिल्यांदाच पडद्यावर सुरू झाल्या. एकदा मी इथून आणि आमचे परदेशातले वरिष्ठ तिथून, असे मिळून एका मुलाची मुलाखत घेतली. मुलगा बाहेर पडल्यावर वरिष्ठांनी मला काहीतरी विचारले. शेवटचा ‘हिम’ एवढाच शब्द मला ऐकू आला. बाकीचे विचारायला संकोच वाटला आणि मी हसून मान डोलावली. प्रश्न होता, ‘शॅल वी ड्रॉप हिम?’ तो मुलगा मला पसंत होता. दुसऱ्या दिवशी नकाराच्या यादीत त्याचे नाव पाहिल्यावर मला लाजत लाजत ईमेल लिहून खुलासा करावा लागला. मुलाला नोकरी मिळाली, पण न ऐकलेल्या गोष्टीला हो म्हणायचे नाही हे मी वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी शिकलो.

तर या तीन आठवड्यांत तुम्ही नवे शब्द पाठ करू नका. अडल्यावर बोलणे पुन्हा रुळावर आणणारी चार-पाच वाक्ये शिका. ती इतकी सवयीची व्हायला हवीत की झोपेतून उठवले तरी तोंडातून यावीत. सगळ्यांत महत्त्वाचे वाक्य पुन्हा विचारण्याचे. ‘आय कांट हिअर यू’ म्हटले की समोरचा माणूस तोच लांबलचक प्रश्न पहिल्यापासून आणि मोठ्या आवाजात बोलतो, आणि तो पुन्हा तिथेच तुटतो. त्यापेक्षा कुठपर्यंत ऐकू आले ते सांगा: ‘आय हर्ड यू अप टु “रिवर्क”. कुड यू प्लीज रिपीट द पार्ट आफ्टर दॅट?’ हे ऐकल्यावर मुलाखत घेणाऱ्याला दोन गोष्टी कळतात. एक, तुम्ही लक्ष देऊन ऐकत होतात. दुसरी, उद्या ग्राहकाच्या फोनवर असाच घोटाळा झाला तर ही मुलगी अंदाजाने काम करणार नाही, नेमके विचारून घेईल. क्वालिटी खात्यात याहून मोठा गुण कोणता, तुम्हीच सांगा.

ऐकू न येणे आणि न समजणे यांत मात्र गल्लत करू नका. प्रश्न कळला नाही की ‘व्हॉइस इज ब्रेकिंग’ म्हणण्याची एक पळवाट सध्या रूढ झाली आहे. समितीवर बसलेल्यांना ती लगेच ओळखू येते, कारण त्यांचा इतर प्रत्येक शब्द तुम्हाला नीट ऐकू आलेला असतो. शब्द कळला नसेल तर शब्दच विचारावा. एकदा एका उमेदवाराला आम्ही विचारले की ग्राहकाची तक्रार आल्यावर तुम्ही ‘कंटेनमेंट’ कसे करता. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, ‘आय डोन्ट नो द वर्ड कंटेनमेंट. डज इट मीन स्टॉपिंग अँड सॉर्टिंग द डाउटफुल पार्ट्स?’ आम्ही हो म्हटल्यावर त्याने सांगितले: आधी आमच्या गोदामातला माल वेगळा ठेवतो, मग वाटेत असलेला, मग ग्राहकाकडे पोहोचलेला, आणि प्रत्येक पेटीला लाल चिठ्ठी लावतो. एट-डी रिपोर्टमधल्या (तक्रार आठ पायऱ्यांत सोडवण्याच्या अहवालातल्या) तिसऱ्या पायरीचे हे पुस्तकी म्हणावे इतके अचूक वर्णन होते. शब्द त्याच्याकडे नव्हता, काम होते. त्याची निवड करताना आमच्यात चर्चाही झाली नाही.

विचार करायला वेळ हवा असेल तर ‘गिव्ह मी अ मोमेंट टु थिंक, प्लीज’ असे म्हणून तो मागून घ्या. समोरासमोर बसलेला माणूस विचार करतोय हे चेहऱ्यावरून कळते. पडद्यावर निश्चल चेहरा दिसला की लोकांना वाटते चित्र अडकले. दोन अर्थ संभवत असतील तर दोन्ही समोर ठेवा: ‘डू यू मीन द चेकिंग मेथड, ऑर द रिपोर्ट?’ एवढी शिदोरी पुरेशी आहे.

आता ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’. हा प्रश्न येणार हे नक्की, आणि आपल्याकडची मुले त्याचे उत्तर निबंधासारखे पाठ करतात: मायसेल्फ अमुक, आय ॲम फ्रॉम मोहोळ, माय फादर इज अ फार्मर, देअर आर सेव्हन मेंबर्स इन माय फॅमिली. यात लाज वाटण्यासारखे काही नाही, पण विचारणाऱ्याच्या कामाचेही काही नाही. दोष तुमचा नाही. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवतात, म्हणजे तुम्ही शाळेत दहा वर्षे इंग्रजी शिकलात. ती सगळी वर्षे फळ्यावरून वहीत आणि वहीतून उत्तरपत्रिकेत गेली, तोंडाला कामच नव्हते. म्हणून बोलायचे म्हटले की आपण मनातली वही वाचायला लागतो. पाठ केलेल्या उत्तराचा धोका असा की मध्ये कोणी एक उपप्रश्न विचारला की सगळी ओळ विस्कटते आणि पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरुवात करावी लागते.

त्याऐवजी तुमच्या कामातली एकच घडलेली गोष्ट निवडा आणि ती सात-आठ छोट्या वाक्यांत सांगा. उदाहरणापुरते, सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर, बुश (नळीसारखे पोकळ भाग) बनत आहेत आणि कापणारे पाते, म्हणजे इन्सर्ट, झिजल्यामुळे बोअरचा (आतल्या भोकाचा) व्यास हळूहळू कमी भरू लागला आहे, असे समजू. मराठीत तुम्ही हे एका दमात सांगाल. इंग्रजीत ते असे होईल: ‘आय इन्स्पेक्ट बुशेस. लास्ट जून, द बोअर वॉज गोइंग अंडरसाइज. वी चेक्ड वन पीस इन फिफ्टी. आय स्टार्टेड चेकिंग वन पीस इन ट्वेंटी, अँड आय रोट डाउन एव्हरी साइझ. द साइझ वॉज गोइंग डाउन स्लोली. सो आय टोल्ड द ऑपरेटर, द इन्सर्ट इज वर्न. ही चेंज्ड इट. नाउ वी चेंज द इन्सर्ट अर्लियर.’ यात अवघड शब्द एकही नाही. बहुतेक वाक्यांत एक कर्ता आणि एक क्रियापद आहे, आणि तो कर्ता शक्यतो ‘आय’ आहे. हे ‘आय’ आपल्याला जड जाते. आपण मराठी माणसे नम्रतेने ‘आम्ही केले’ म्हणतो, आणि इंग्रजीत त्याचे ‘वी डिड’ होते. मुलाखत घेणारा मात्र शोधत असतो की त्या ‘वी’मधली तुम्ही नेमकी कोण.

आणखी एक बारीक गोष्ट पाहा. त्या उत्तरात ‘लास्ट जून’ आणि ‘नाउ’ हे काळाचे शब्द वाक्याच्या सुरुवातीलाच आले आहेत. बोलताना काळाची रूपे चुकतात. ‘चेक्ड’ऐवजी ‘चेक’ निघते. वेळ आधी सांगितलेली असली की ती चूक अर्थ बिघडवत नाही. ‘डिड नॉट वेंट’ किंवा ‘सिन्स थ्री इयर्स’ अशा चुकांसाठी कोणी इन्स्पेक्टरची नोकरी नाकारल्याचे माझ्या पाहण्यात नाही. एक शब्द तेवढा टाळा: परदेशी माणसासमोर ‘आय पास्ड आउट इन अमुक साल’ म्हणू नका. त्याच्या कानाला तुम्ही त्या साली बेशुद्ध पडलात असे ऐकू येते. ‘आय कम्प्लीटेड माय डिप्लोमा’ म्हणावे.

उच्चारांचा बाऊ करू नये, पण तुमच्या धंद्यात दोन-तीन उच्चार असे आहेत की ज्यांनी अर्थच बदलतो. ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ हे त्यांतले पहिले. आपण दोन्हींच्या सगळ्या अक्षरांवर सारखाच भार देतो. इंग्रजीत पंधराचा जोर शेवटच्या ‘टीन’वर असतो आणि पन्नासचा पहिल्या ‘फिफ्’वर. तुटक्या आवाजात १५ मायक्रॉनचे ५० मायक्रॉन ऐकू आले तर तुमचा चांगला माल समोरच्याच्या लेखी रिजेक्ट झाला! म्हणून आकडा बोलल्यावर त्याचे अंक सुटे सांगा: ‘फिफ्टीन, वन-फाइव्ह.’ दुसरी गोष्ट खास आपली. मराठीत पंचवीस म्हणताना पाच आधी येतो आणि वीस नंतर, बावन्नमध्ये दोन आधी आणि पन्नास नंतर, इंग्रजीत उलट. मनात मराठीतून आकडा आठवून घाईत इंग्रजीत बोलला की बावन्नचे पंचवीस होतात. सुटे अंक सांगण्याची सवय इथेही वाचवते. तिसरी गोष्ट ‘कॅन’ आणि ‘कांट’ची. ‘कांट’मधला शेवटचा ‘ट’ आपण हलका उच्चारतो आणि फोनवर तो गळून पडतो. मग ‘येत नाही’चे ‘येते’ होते. ‘कॅनॉट’ असे पूर्ण म्हणा, कानाला जड वाटले तरी चालेल.

बाकी तुमचा मराठी हेल तसाच राहू द्या. चाकणच्या पट्ट्यात मर्सिडीज-बेंझ आणि फोक्सवॅगन या जर्मन कंपन्यांचे कारखाने आहेत, रांजणगावात कोरियाच्या एलजीचा आहे. अशा ठिकाणी परदेशातून येणाऱ्या साहेबांचेही इंग्रजी बहुतेक वेळा शाळेतच शिकलेले असते. त्यांना उसन्या अमेरिकन उच्चारापेक्षा सावकाश बोललेली छोटी वाक्ये अधिक कळतात.

साधनांबद्दल थोडे. फोनवरून मुलाखत द्यायला काहीच हरकत नाही, मात्र फोन हातात धरू नका. आडवा करून, डोळ्यांच्या उंचीवर, धान्याच्या डब्याला टेकवून ठेवा आणि खिडकी तुमच्या समोर येईल असे बसा; पाठीशी खिडकी असली की चेहरा काळा दिसतो. ब्लूटूथचे इअरफोन टाळून वायरचे साधे इअरफोन घ्या. ब्लूटूथवर ऐकणे आणि बोलणे दोन्ही एकदम चालू झाले की आवाजाचा दर्जा बऱ्याचदा खाली येतो, आणि ‘स’, ‘फ’ यांसारख्या ध्वनींची उंच कंपने त्यात आधी हरवतात. इंग्रजी शिकणाऱ्याच्या कानाला तर प्रत्येक ध्वनी हवा असतो. गाणी ऐकताना हा फरक कळत नाही, म्हणून लोक फसतात. ज्या फोनवर मुलाखत चालू असेल त्यावर नेमका कोणाचा तरी कॉल येतोच, तेव्हा ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा आणि आदल्या रात्री काका-मामांनाही कळवून ठेवा. मुलाखत ठरवणाऱ्या बाईंचा किंवा साहेबांचा दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून जवळ ठेवा. वीज किंवा नेट गेले तर दोन मिनिटांच्या आत फोन करून ‘माय कनेक्शन ड्रॉप्ड, आय ॲम जॉइनिंग अगेन’ एवढे सांगायचे. स्पष्टीकरणाची पोथी नको. नेट मंद झाल्यास ‘मे आय स्विच ऑफ माय व्हिडिओ फॉर बेटर ऑडिओ?’ असे विचारून घ्या. चेहऱ्यापेक्षा आवाज महत्त्वाचा आहे.

स्वतःचे चित्र पडद्यावरून लपवण्याची सोय झूम आणि टीम्समध्ये आहे, मीटमध्ये ते लहान करता येते. तिचा उपयोग जरूर करा. परक्या भाषेत वाक्य जुळवताना स्वतःच्या चेहऱ्याकडे लक्ष जाणे म्हणजे सायकल चालवताना पायांकडे पाहण्यासारखे आहे. या तिन्ही सेवांमध्ये समोरच्याचे बोलणे खाली इंग्रजी अक्षरांत उमटवणारी कॅप्शनची सोयही आहे. ऐकायला मदत म्हणून मी ती वाईट मानत नाही. कोणी विचारले तर मोकळेपणाने सांगावे की मी कॅप्शन चालू ठेवली आहेत, आणि कंपनीने मनाई केली असेल तर बंद करावीत. तिच्यावर विसंबू मात्र नका, कारण अक्षरे मागाहून येतात आणि तांत्रिक शब्दांचे भलतेच काही करून ठेवतात. उत्तरे पुरवणारी एआय साधने समोर ठेवून ती वाचणे ही वेगळी गोष्ट आहे. ती फसवणूक आहे, आणि लपतही नाही: डोळे डावीकडून उजवीकडे सरकताना दिसतात आणि एरवी अडखळणारी मुलगी अचानक वर्तमानपत्रातल्या अग्रलेखासारखी बोलू लागते. तुमच्यासाठी कॅमेऱ्याच्या बाजूला चिकटवलेला एक कागद पुरे. त्यावर वाक्ये लिहू नका. आकडे, तारखा आणि यंत्रांची नावे लिहा.

हिंदीची विनंती सुरुवातीलाच करू नका, आणि ‘माय इंग्लिश इज वीक’ हे वाक्यसुद्धा बोलू नका. ते ऐकल्यावर समोरचा माणूस कामाऐवजी तुमच्या चुका मोजू लागतो. समितीत सगळे भारतीय असतील आणि एखादी तांत्रिक गोष्ट इंग्रजीत खरोखरच सांगता येत नसेल, तर तेवढ्यापुरते ‘मे आय एक्सप्लेन धिस वन पॉइंट इन हिंदी?’ असे विचारणे मला पूर्णपणे उचित वाटते. त्यांनीच मराठीत विचारले तर मराठीत बोला, पण ऑफिसमधली मराठी, गप्पांची नको. त्या नोकरीत परदेशी ग्राहकाशी रोज बोलायचे असेल तर मात्र इंग्रजी ही तिथली खरी गरज आहे हे मान्य करावे लागेल. जाहिरातीतले कामाचे वर्णन त्या दृष्टीने पुन्हा वाचा.

सराव आरशासमोर करू नका; आरसा उशिरा उत्तर देत नाही आणि मध्येच तुटतही नाही. दुसऱ्या घरात बसलेल्या मैत्रिणीबरोबर, त्याच फोनवर, त्याच खोलीत आणि त्याच ११ च्या वेळेला आठवड्यातून तीनदा वीस मिनिटे व्हिडिओ कॉल करा. झूमच्या मोफत खात्याला ४० मिनिटांची मर्यादा आहे, ती तुम्हाला पुरून उरते. मैत्रिणीचे इंग्रजी तुमच्याहून चांगले असण्याची अट नाही. तिने फक्त मध्येच प्रश्न बदलायचा, मुद्दाम अर्धा शब्द गिळायचा आणि नकारार्थी विचारायचे. उरलेल्या दिवशी कारखान्यातला एखादा इन्स्पेक्शन रिपोर्ट डोळ्यांसमोर आणून तो मोठ्याने इंग्रजीत सांगा, फोनवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. ऐकताना चुका मोजू नका. जिथे तुम्हाला स्वतःलाच अर्थ लागत नाही तेवढे एक वाक्य निवडा आणि त्याचे दोन तुकडे करा.

ऑडिटचा प्रश्न याही वेळी येण्याची शक्यता आहे. मुलाखतीआधी तुमच्या सध्याच्या साहेबांना विचारून एखाद्या ऑडिटच्या दिवशी सोबत उभे राहता आले तर पाहा. तीन आठवड्यांत तसे जुळून आले नाही, तर ‘आय हॅव नॉट फेस्ड वन, बट आय प्रिपेअर द रेकॉर्ड्स फॉर इट’ हे वाक्य, जर ते खरे असेल तर, तयार ठेवा.

राहता राहिली घरातली सात माणसे. सर्वांना गप्प बसवण्याचा प्रयत्न करू नका, ते जमणार नाही आणि तुमचेच लक्ष दाराकडे राहील. बोलत नसताना माइक बंद ठेवा, आपली पाळी आली की सुरू करा, आणि आईंना तेवढे सांगा की त्या दिवशी कुकर साडेदहाच्या आत उतरवावा.